भिलाईतून दिसणारा युक्रेन

भिलाईत साठीच्या पुढच्या कोणालाही विचारा, हा कारखाना कोणाच्या मदतीने उभा राहिला? उत्तर एकच मिळतं : रशियनांच्या. सेक्टर ७ मधल्या त्या जुन्या वसाहतीला आजही रशियन कॉम्प्लेक्स म्हणतात. १९७२ साली भारत-सोविएत दोस्तीची खूण म्हणून मैत्री बाग उभी राहिली, तीही लोकांच्या लेखी रशियन मैत्रीचीच बाग. उत्तर चुकीचं म्हणता येणार नाही, पण ते अपुरं आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी नवी दिल्लीत भिलाईच्या करारावर सह्या झाल्या त्या भारत आणि सोविएत संघ यांच्यात. अडीच टक्के व्याज आणि बारा वार्षिक हप्ते, अशा सवलतीच्या कर्जावर दहा लाख टनांचा पोलाद कारखाना उभारून देण्याचं सोविएत सरकारने कबूल केलं. सोविएत संघ म्हणजे पंधरा प्रजासत्ताकांचा समूह. पोलादाच्या बाबतीत त्यातल्या एका प्रजासत्ताकाचं वजन त्याच्या आकाराच्या मानाने फारच मोठं होतं. ते प्रजासत्ताक म्हणजे युक्रेन.

या पुस्तकात आपण एकेका देशाची ओळख करून घेत आहोत. युक्रेनची ओळख बहुतेक ठिकाणी युद्धाच्या नकाशापासून सुरू होते. लोखंडाची खाण, कोकचा कोळसा आणि नदी या तीन गोष्टींपासून सुरुवात केली, तर तोच नकाशा जास्त नीट वाचता येतो असं मला वाटतं. भिलाई-दुर्गच्या वाचकाला हे कळायला वेळ लागणार नाही. दल्ली-राजहराचं लोखंड, नंदिनीचा चुनखडक आणि लांबून आणावा लागणारा कोळसा या हिशेबावरच त्याचं शहर उभं आहे.

आधी एका माणसाची गोष्ट सांगतो. भिलाईच्या बांधकामावर १९५७ ते १९५९ या काळात सोविएत बाजूचे मुख्य अभियंता होते वेनियामिन दिमशिट्स. जन्म १९१० चा, क्रिमियातल्या फिओदोसिया गावचा. सैबेरियातलं कुझनेत्स्क आणि उरलमधलं मॅग्निटोगोर्स्क हे दोन प्रचंड कारखाने उभे राहताना त्यांनी पाहिले आणि त्यांत काम केलं. पण त्यांचं मोठं काम झालं झापोरिझ्झियात. द्नीप्रो नदीकाठच्या या शहरातला झापोरिझस्ताल कारखाना १९३३ साली सुरू झाला होता. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी शहर घेतलं आणि १९४३ मध्ये मागे हटताना कारखाना उद्ध्वस्त केला. युद्ध संपल्यावर तो पुन्हा उभारण्याची जबाबदारी ज्या बांधकाम संस्थेवर होती, तिचे प्रमुख दिमशिट्स होते. आणि प्रदेशाचा कम्युनिस्ट पक्षाचा सचिव म्हणून १९४६-४७ मध्ये या कामावर देखरेख करणारा माणूस होता लिओनिद ब्रेझनेव्ह, पुढे अठरा वर्षं सोविएत संघाचा सर्वेसर्वा झालेला. ब्रेझनेव्हही द्नीप्रोकाठच्या कामियान्स्के या पोलाद-गावात एका कारखाना कामगाराच्या घरी जन्मलेला.

म्हणजे भिलाईला जे तज्ज्ञ आले त्यांच्यातल्या सर्वात जबाबदार माणसाने युद्धाच्या राखेतून पोलाद कारखाना उठवण्याची कला युक्रेनमध्ये कमावली होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईचा पहिला ब्लास्ट फर्नेस सुरू झाला. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत निकिता ख्रुश्चेव्ह भिलाई पाहायला आले. त्यांचा जन्म रशियाच्या हद्दीतला असला, तरी तरुणपण युक्रेनच्या कोळसा-पट्ट्यात, खाणीत फिटरचं काम करण्यात गेलं होतं. १९३८ पासून दहाएक वर्षं ते युक्रेनच्या पक्षाचे प्रमुखही होते. भिलाईचे जे भारतीय अभियंते आणि फोरमन सोविएत संघात शिकायला गेले, त्यांतल्या काहींचं शिक्षण युक्रेनच्या कारखान्यांत झालं. भट्ट्यांचंही असंच. भिलाईचं जुनं स्टील मेल्टिंग शॉप ज्या जोडचुलीच्या भट्ट्यांवर, म्हणजे ट्विन हार्थवर, अगदी अलीकडच्या काळापर्यंत चाललं, तसल्याच भट्ट्या झापोरिझस्तालमध्ये होत्या.

आता देशाकडे वळू.

युक्रेनचं क्षेत्रफळ क्रिमिया धरून सुमारे ६ लाख ३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट. सगळाच्या सगळा युरोपात असलेल्या देशांत हा सर्वात मोठा. शेजारी सात : रशिया, बेलारूस, पोलंड, स्लोव्हाकिया, हंगेरी, रुमानिया, मोल्दोव्हा. दक्षिणेला काळा समुद्र आणि अझोव्हचा समुद्र. डोंगर फक्त कडेला, पश्चिमेत कार्पेथियन आणि दक्षिणेला क्रिमियात. मधे सपाट मैदान आणि त्यातून वाहणारी द्नीप्रो. रशियात उगम पावून, बेलारूसमधून येऊन, सुमारे २२०० किलोमीटरचा प्रवास करून ती काळ्या समुद्राला मिळते. राजधानी कीव्ह या नदीवरच. चोवीस प्रांत, क्रिमियाचं स्वायत्त प्रजासत्ताक आणि कीव्ह व सेवास्तोपोल ही खास दर्जाची दोन शहरं, अशी घटनेनुसार रचना आहे. चलन रिव्निया, १९९६ पासून. राज्यभाषा युक्रेनियन. झेंडा वर निळा, खाली पिवळा. संसदेला वेर्खोव्ना राडा म्हणतात, तिच्यात ४५० जागा.

लोकसंख्येचा आकडा मात्र एका श्वासात सांगता येत नाही. १९९१ साली स्वातंत्र्य मिळालं तेव्हा देशात सुमारे ५ कोटी २० लाख माणसं होती. स्वतंत्र युक्रेनची एकमेव जनगणना २००१ मध्ये झाली, तेव्हा ती ४ कोटी ८५ लाख भरली. २०२२ च्या आक्रमणापूर्वीचा अंदाज, क्रिमिया वगळून, ४ कोटी १० लाखांच्या आसपासचा. त्यानंतर सुमारे साठ लाख लोक देशाबाहेर गेले आणि आणखी लाखो लोक देशातल्या देशात विस्थापित झाले. युद्धाआधीच जन्मदर घसरलेला होता आणि तरुण कामासाठी पोलंडला जात होते. लढाई उद्या थांबली तरी हा प्रश्न उरेल. माझ्या मते गमावलेल्या जमिनीपेक्षाही हे दुखणं खोल आहे.

इतिहास इथे थोडक्यात सांगतो, कारण तो मोठा आहे आणि त्याच्या प्रत्येक वळणावर दोन देशांचा वाद आहे. कीव्हच्या व्होलोदिमिर राजाने ९८८ साली ख्रिस्ती धर्म घेतला, त्या राज्याला युक्रेन आणि रशिया दोघेही आपलं मूळ म्हणतात. १२४० मध्ये मंगोलांनी कीव्ह जाळलं. मग लिथुआनिया आणि पोलंडची सत्ता आली. द्नीप्रोच्या खडकाळ धबधब्यांपलीकडे कोसाक घोडेस्वारांनी आपली छावणी, आपला सरदार आणि आपली सभा उभी केली. १६४८ साली बोहदान ख्मेल्नित्स्कीने पोलंडविरुद्ध बंड केलं तेव्हा आपल्याकडे शिवाजी महाराज अठरा वर्षांचे होते. मोठ्या सत्तेच्या सीमेवर चपळ घोडदळ उभं करण्याची दोघांची रीत मिळतीजुळती वाटते, पण शेवट वेगळा झाला. सहा वर्षांनी, १६५४ मध्ये, ख्मेल्नित्स्कीने मॉस्कोच्या झारशी करार केला. तो बरोबरीचा होता की शरणागतीचा, यावर आजही भांडण आहे. १७७५ मध्ये दुसऱ्या कॅथरीनने कोसाकांची छावणी मोडली, १७८३ मध्ये क्रिमिया घेतला. पश्चिमेचा ल्वीव्हकडचा भाग ऑस्ट्रियाकडे गेला. म्हणूनच तिकडची चर्च, इमारती आणि राजकारण आजही पूर्वेपेक्षा निराळं दिसतं.

विसाव्या शतकातली एक घटना मात्र ओलांडून पुढे जाता येणार नाही. १९३२-३३ मध्ये स्टालिनच्या सक्तीच्या धान्यवसुलीमुळे युक्रेनच्या सुपीक मैदानात दुष्काळ पडला. बहुतेक इतिहासकार मृतांचा आकडा ३५ ते ४० लाख धरतात. युक्रेनमध्ये त्याला होलोदोमोर म्हणतात. जमीन कसली, तर जगातली उत्तम. शेतजमिनीचा अर्ध्याहून मोठा भाग चेर्नोझेम या काळ्या मातीचा आहे. आपली विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती बेसॉल्टपासून झालेली आणि सेंद्रिय अंशात गरीब. तिथली गवताळ प्रदेशात हजारो वर्षं कुजत आलेल्या मुळांची, म्हणून सेंद्रिय अंशाने श्रीमंत. त्या मातीवर माणसं उपाशी मेली. ज्या वर्षी हे घडत होतं, त्याच वर्षी, १९३३ मध्ये, झापोरिझस्ताल आणि मारियुपोलचा अझोव्हस्ताल हे दोन्ही कारखाने सुरू झाले. खेड्यातून वसूल केलेलं धान्य परदेशी विकून यंत्रं आणायची हे त्या काळचं सोविएत धोरण होतं. भिलाईला मिळालेल्या ज्ञानाच्या मुळाशी हीही किंमत आहे, आणि ती सांगायला आपण सहसा विसरतो.

आता कोळसा आणि लोखंड. युक्रेनच्या पूर्वेला डॉनबास, म्हणजे डोनेट्स नदीचं कोळशाचं खोरं. तिथून पश्चिमेला, द्नीप्रोच्या पलीकडे, क्रीव्ही रीहचा लोहखनिजाचा पट्टा. १८६९ च्या सुमारास जॉन ह्यूज नावाच्या वेल्श उद्योजकाने डॉनबासमध्ये लोखंडाचा कारखाना काढायला घेतला. त्याभोवती जे गाव वाढलं त्याला त्याच्या नावावरून युझोव्का म्हणत. पुढे ते स्टालिनो झालं आणि १९६१ मध्ये डोनेट्स्क. १८८४ मध्ये कॅथरीन रेल्वेने द्नीप्रोवर पूल टाकला आणि खनिज पूर्वेला, कोळसा पश्चिमेला वाहू लागला. दोन्ही टोकांना आणि मधल्या नदीकाठी पोलादाची शहरं उभी राहिली. भिलाईला लोखंड ऐंशीएक किलोमीटरवर मिळालं, पण चांगला कोकिंग कोळसा आजही मोठ्या प्रमाणात समुद्रापलीकडून येतो. युक्रेनकडे दोन्ही होतं, एकाच रेल्वेमार्गावर, आणि बंदरही जवळ. १९९० साली एकट्या युक्रेनने पाच कोटी टनांहून जास्त पोलाद काढलं. त्या वर्षी अख्ख्या भारताचं उत्पादन दीड कोटी टनांच्या आसपास होतं.

या पट्ट्यातलं क्रीव्ही रीह हे शहर दोन कारणांनी लक्षात ठेवावं. पहिलं कारण एका भारतीयाशी जोडलेलं आहे. तिथला क्रीव्होरिझस्ताल हा देशातला सर्वात मोठा पोलाद कारखाना. २००४ मध्ये सरकारने तो विकायला काढला आणि तो मिळाला रिनात अख्मेतोव्ह आणि व्हिक्टर पिन्चुक या जोडगोळीला. पिन्चुक हे तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांचे, लिओनिद कुच्मा यांचे जावई. किंमत सुमारे ८० कोटी डॉलर. परदेशी कंपन्या जास्त द्यायला तयार होत्या, पण अटीच अशा घातल्या की त्या बाहेर पडाव्यात. त्याच वर्षाअखेर निवडणुकीतल्या गैरप्रकारांविरुद्ध लोक कीव्हच्या चौकात उतरले. ती ऑरेंज क्रांती. नव्या सरकारने ही विक्री रद्द केली आणि २४ ऑक्टोबर २००५ रोजी कारखान्याचा लिलाव दूरचित्रवाणीवर थेट दाखवला. बोली चढत चढत ४८० कोटी डॉलरवर थांबली. आधीच्या किमतीच्या सहापट. जिंकली लक्ष्मी मित्तल यांची मित्तल स्टील. सार्वजनिक मालमत्ता खासगी हातात देताना ती कशी द्यावी आणि कशी देऊ नये याचे दोन्ही धडे एकाच कारखान्याने दिले. सरकारी कारखान्यांच्या खासगीकरणाची चर्चा वरचेवर ऐकणाऱ्या भिलाईकरांनी हे उदाहरण जपून ठेवावं.

दुसरं कारण म्हणजे व्होलोदिमिर झेलेन्स्की. २५ जानेवारी १९७८ रोजी त्यांचा जन्म याच शहरात, ज्यू कुटुंबात झाला. घरात रशियन बोलत. शिक्षण कायद्याचं, पेशा विनोदी नटाचा. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘सर्व्हंट ऑफ द पीपल’ या मालिकेत त्यांनी अचानक राष्ट्राध्यक्ष होणाऱ्या शाळामास्तराची भूमिका केली. चार वर्षांनी, एप्रिल २०१९ मध्ये, त्याच नावाचा पक्ष काढून ७३ टक्के मतांनी ते खरेच राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांना मत देणाऱ्यांनी भ्रष्टाचार आणि अब्जाधीशांच्या राजकारणावरचा राग व्यक्त केला होता. युद्धाचा नेता म्हणून त्यांना कोणी निवडलं नव्हतं.

युद्ध तसं आधीच सुरू झालं होतं, ते समजायला थोडं मागे जावं लागतं. २४ ऑगस्ट १९९१ ला युक्रेनने स्वातंत्र्य जाहीर केलं. १ डिसेंबरच्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांनी होकार दिला, डॉनबासमध्येही मोठ्या बहुमताने. सोविएत वाटणीत युक्रेनच्या भूमीवर जगातला तिसऱ्या क्रमांकाचा अणुसाठा राहिला होता. ५ डिसेंबर १९९४ च्या बुडापेस्ट करारात तो सोडून देण्याच्या बदल्यात रशिया, अमेरिका आणि ब्रिटनने युक्रेनच्या सीमांचा आदर राखण्याची हमी दिली. २०१३ च्या नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष यानुकोविच यांनी युरोपीय संघाशी ठरलेला करार बाजूला ठेवला, लोक पुन्हा चौकात आले, गोळीबारात माणसं मेली आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये यानुकोविच पळाले. मार्चमध्ये रशियाने क्रिमिया जोडून घेतला. एप्रिलपासून डॉनबासमध्ये रशियाच्या पाठिंब्याने सशस्त्र बंड सुरू झालं. मिन्स्कला झालेले दोन समझोते कागदावर राहिले. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने उत्तर, पूर्व आणि दक्षिणेकडून आक्रमण केलं. कीव्ह काही दिवसांत पडेल असा अनेकांचा अंदाज होता, पण एप्रिलच्या सुरुवातीला रशियन फौजाच राजधानीजवळून परत गेल्या.

यापुढची लढाई पोलादाच्या नकाशावरून पाहा. मारियुपोलच्या अझोव्हस्तालमध्ये युद्धापूर्वी वर्षाला चाळीस लाख टनांच्या आसपास पोलाद निघत असे, म्हणजे भिलाईच्या १९८८ नंतरच्या क्षमतेइतकं. त्याच शहरात इलिच हा दुसरा कारखाना. दोन्ही मिळून देशाच्या पोलादाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग देत. आक्रमणाच्या दिवसांत कामगारांनी भट्ट्या रीतसर थंड केल्या. ब्लास्ट फर्नेस बटण दाबून बंद होत नाही, आत धातू गोठला तर भट्टीच वाया जाते, हे भिलाईत वेगळं सांगायला नको. कारखान्याखालच्या तळघरांत हजारो नागरिक आणि सैनिक लपले. वेढा मे २०२२ पर्यंत चालला. शेवटी दोन हजारांहून जास्त सैनिक शरण गेले तेव्हा कारखान्याचं खंडहर झालं होतं. २०२१ मध्ये २ कोटी १४ लाख टन असलेलं युक्रेनचं पोलाद २०२२ मध्ये ६३ लाख टनांवर आलं.

नंतरची नावंही त्याच यादीतली. सोलेदारच्या मिठाच्या खाणी, मग शेजारचं बाखमुत २०२३ च्या मे महिन्यात रशियाच्या हाती गेलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये अव्दियिव्का पडलं, तिथे युरोपातल्या मोठ्या कोक कारखान्यांपैकी एक होता. मग लढाई पोक्रोव्स्ककडे सरकली. तिथली खाण म्हणजे युक्रेनच्या ताब्यात उरलेल्या कोकिंग कोळशाचा मुख्य स्रोत होता. जानेवारी २०२५ मध्ये तिचं काम थांबलं. लोखंड जवळ आणि कोक दूर, ही भिलाईची जुनी अडचण आता युक्रेनच्याही वाट्याला आली. तरी २०२४ मध्ये उत्पादन ७६ लाख टनांपर्यंत चढलं होतं. दिमशिट्सनी पुन्हा उभा केलेला झापोरिझस्ताल आघाडीच्या जवळच चालू आहे. त्याच प्रांतातलं, नदीकाठच्या एनेर्होदारचं युरोपातलं सर्वात मोठं अणुवीज केंद्र, सहा अणुभट्ट्यांचं, मार्च २०२२ पासून रशियाच्या ताब्यात आहे. युद्धाआधी देशाची अर्ध्याहून जास्त वीज अणुकेंद्रांतून येत असे. ६ जून २०२३ ला खालच्या अंगाचं काखोव्का धरण फुटलं आणि गावंच्या गावं पाण्याखाली गेली. ऑक्टोबर २०२२ पासून दर हिवाळ्यात वीज केंद्रांवर क्षेपणास्त्रं पडत आहेत.

आणि क्रामातोर्स्क. भिलाई-बोकारोसारख्या कारखान्यांना अवजड यंत्रं पुरवणाऱ्या सोविएत कारखान्यांत नोव्होक्रामातोर्स्कचं नाव वरचं होतं. ते शहर डोनेट्स्क प्रांतात आहे. संपूर्ण डोनेट्स्क प्रांत सोडा, ही रशियाची २०२५ मधल्या वाटाघाटींतली मुख्य मागणी राहिली आहे. प्रांताच्या न जिंकलेल्या भागातली मोठी शहरं म्हणजे क्रामातोर्स्क आणि स्लोव्हियान्स्क. अमेरिकेच्या पुढाकाराने वाटाघाटींच्या फेऱ्या झाल्या, १५ ऑगस्ट २०२५ ला ट्रम्प आणि पुतिन अलास्कात भेटले, पण गाडी अडते ती याच जमिनीवर. नुसत्या आकाराने पाहिलं तर हा तुकडा लहान वाटतो. त्यावरची तटबंदी आणि कारखाने हिशेबात घेतले की युक्रेन तो का सोडत नाही ते कळतं.

देशांतर्गत राजकारण युद्धामुळे गोठलेलं दिसतं, पण ते मेलेलं नाही. लष्करी कायदा लागू असल्यामुळे २०२४ मध्ये ठरलेली राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली नाही. झेलेन्स्कींवर विरोधक या मुद्द्यावरून बोट ठेवतात. कायदा त्यांच्या बाजूने आहे, राजकीय नीतीचा प्रश्न मात्र शिल्लक राहतो. एप्रिल २०२४ मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीचं किमान वय २७ वरून २५ वर आणलं, त्यावर खूप कुरबूर झाली. जुलै २०२५ मध्ये युलिया स्विरिदेन्को पंतप्रधान झाल्या. त्याच महिन्याच्या २२ तारखेला संसदेने भ्रष्टाचारविरोधी दोन संस्थांचे पंख छाटणारा कायदा केला, आणि युद्ध चालू असताना कीव्हपासून ल्वीव्हपर्यंत तरुण पुठ्ठ्यांचे फलक घेऊन रस्त्यावर आले. नऊ दिवसांत, ३१ जुलैला, संसदेला तो बदलावा लागला. नोव्हेंबरात अणुवीज महामंडळातल्या लाचखोरीचं प्रकरण त्याच संस्थांनी बाहेर काढलं, दोन मंत्री गेले, आणि महिनाअखेर झेलेन्स्कींचे उजवे हात आंद्री येर्माक यांनीही राजीनामा दिला. काहींना यात देशाचा सडका कारभार दिसतो. मला चौकशी यंत्रणा आणि नागरिक दोघेही जागे असल्याची खूण दिसते. युद्धात इतकं सुद्धा फार थोड्या देशांना जमलं आहे. जून २०२२ पासून युक्रेन युरोपीय संघाचा उमेदवार देश आहे आणि जून २०२४ मध्ये सदस्यत्वाच्या वाटाघाटी औपचारिकपणे सुरू झाल्या. या संस्था सांभाळल्याशिवाय तो दरवाजा उघडणार नाही, हे रस्त्यावर उतरलेल्या पोरांना ठाऊक होतं.

भारताशी नातं? गोड बोलायचं तर पुष्कळ आहे, पण नात्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९९८ च्या पोखरण चाचण्यांवर टीका करणाऱ्यांत युक्रेन होता. १९९० च्या दशकात त्याने पाकिस्तानला तीनशेहून जास्त टी-८० रणगाडे विकले. दुसऱ्या बाजूला, कारवारच्या तळावर असणारी आयएनएस विक्रमादित्य मुळात युक्रेनच्या मिकोलायिव्ह बंदरात बांधलेली नौका आहे. आपल्या नौदलाच्या अनेक युद्धनौकांची गॅस टर्बाइनंही त्याच शहरातली, आणि हवाई दलाचं एएन-३२ विमान कीव्हच्या अँतोनोव्हचं. सोविएत वारसा दोन देशांत फुटला आणि आपण दोघांचेही गिऱ्हाईक राहिलो. संयुक्त राष्ट्रांत रशियाच्या निषेधाच्या ठरावांवर भारत तटस्थ राहतो, त्यामागचं एक कारण इथे आहे. २३ ऑगस्ट २०२४ ला नरेंद्र मोदी कीव्हला गेले. स्वतंत्र युक्रेनला भेट देणारे ते पहिले भारतीय पंतप्रधान.

सामान्य माणसाला हा देश कळला तो मात्र दोन रस्त्यांनी. एक स्वयंपाकघरातून : युद्धापूर्वी भारतात येणाऱ्या सूर्यफूल तेलाचा सर्वात मोठा हिस्सा युक्रेनचा होता, आणि २०२२ च्या मार्चमध्ये तेलाच्या डब्याची किंमत कडाडली तेव्हा घरोघरी काळ्या समुद्राचं नाव ऐकू आलं. दुसरा रस्ता डॉक्टरकीचा. खारकीव्ह, विनित्सिया, तेर्नोपिल, झापोरिझ्झिया अशा शहरांत महाराष्ट्र आणि छत्तीसगडसह देशभरातली हजारो मुलं एमबीबीएससारखी पदवी घेत होती, कारण इथल्या खासगी महाविद्यालयांपेक्षा तिथली फी कितीतरी कमी. युद्ध पेटल्यावर भारत सरकारच्या ऑपरेशन गंगाखाली २२ हजारांहून जास्त भारतीय पोलंड, हंगेरी, रुमानियामार्गे परत आले. खारकीव्हमध्ये कर्नाटकातला एक विद्यार्थी १ मार्च २०२२ ला गोळाबारात मरण पावला. परत आलेल्यांची पदवी पुढे कशी पूर्ण करायची, हा प्रश्न त्यानंतर कितीतरी महिने न्यायालयात आणि कार्यालयांत फिरत राहिला.

आता वाचकांना एक काम. भिलाईच्या पहिल्या फळीतल्या ज्या अभियंत्यांनी, फोरमननी सोविएत संघात प्रशिक्षण घेतलं, त्यांची घरं आजही भिलाई, दुर्ग, नागपूर, पुण्यात आहेत. त्यांच्या कपाटांत प्रमाणपत्रं, फोटो, वह्या असतील. त्यांवरची गावांची नावं आजच्या नकाशात सापडणार नाहीत, म्हणून ही किल्ली जवळ ठेवा : ज्दानोव्ह म्हणजे आजचं मारियुपोल, द्नेप्रोजेर्झिन्स्क म्हणजे कामियान्स्के, द्नेप्रोपेत्रोव्स्क म्हणजे द्नीप्रो, स्टालिनो म्हणजे डोनेट्स्क, झापोरोझ्ये म्हणजे झापोरिझ्झिया. असा एखादा कागद हाती लागला तर रद्दीत टाकू नका. त्याचा फोटो काढून मागे माणसाचं नाव, विभाग आणि वर्ष लिहून ठेवा. आजोबा हयात असतील, तर त्यांच्याकडून त्या कारखान्याची माहिती आताच लिहून घ्या. अझोव्हस्तालच्या भट्ट्या चालू असताना ज्यांनी पाहिल्या अशी माणसं आता मारियुपोलमध्येही थोडीच उरली आहेत.